आखातातील युद्ध आणि आपला सिलिंडर: साठ्याचे दिवस कसे मोजावेत

जुलै २०२५ मध्ये आलेला प्रश्न असा: "मी कोल्हापूर जिल्ह्यात छोटी खानावळ चालवते. गेल्या महिन्यात, जून २०२५ मध्ये, इस्रायल आणि इराणमध्ये बारा दिवस युद्ध झाले तेव्हा आखातातून तेल बाहेर येण्याची होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार, पेट्रोल-गॅस मिळणार नाही, असे रोज ऐकायला मिळत होते. आता युद्धबंदी आहे, पण पुन्हा पेटेल असे सगळे म्हणतात. देशाकडे कोणी नऊ दिवसांचा साठा सांगते, कोणी चौऱ्याहत्तर दिवसांचा. खरे काय? आणि मी जादा सिलिंडर भरून ठेवावेत का?"

ताई, तुमची काळजी अवाजवी नाही आणि "घाबरू नका" एवढे सांगून ती मिटण्यासारखीही नाही. तुम्ही ऐकलेले दोन्ही आकडे सरकारने वेळोवेळी दिलेलेच आहेत. परंतु ते कच्च्या तेलाचे आणि पेट्रोल-डिझेलसारख्या उत्पादनांचे आहेत, तुमची शेगडी मात्र एलपीजीवर चालते. आखात खरोखर पेटले तर देशात सर्वांत आधी कशाची ओढाताण होईल असे मला विचारले, तर मी पेट्रोलच्या आधी स्वयंपाकाच्या गॅसचे नाव घेईन. मी तेहेतीस वर्षे एका तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी कच्चे तेल मागवणे, जहाजांच्या तारखा ठरवणे आणि टाक्यांतील साठ्याचे नियोजन करणे हे काम केले. शेवटची काही वर्षे एलपीजीच्या आयातीचे नियोजनही माझ्याकडे होते. त्या अनुभवावरूनच हे उत्तर लिहीत आहे.

आधी ते दोन आकडे समजून घेऊ. देशाचा सामरिक, म्हणजे संकटकाळासाठी राखून ठेवलेला तेलसाठा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपी जिल्ह्यातील पाडूर या तीन ठिकाणी जमिनीखाली खडकात कोरलेल्या गुहांमध्ये ठेवला जातो आणि त्यांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन आहे. तेल भरण्यापूर्वी अशा एका गुहेत मला उतरायला मिळाले होते. आत दहा मजली इमारत सहज मावेल एवढी उंची, भिंतींना पत्र्याचे वा काँक्रीटचे कसलेही अस्तर नाही, आणि उघड्या खडकावरून ओघळणारे पाणी दिव्याच्या उजेडात चमकत होते. माझ्याबरोबरच्या एका तरुण अभियंत्याला वाटले की गुहा गळते आहे. प्रत्यक्षात गुहेचे सगळे शास्त्र त्या पाण्यातच असते. गुहा भूजलपातळीच्या खाली खोदलेली असते, वरच्या खडकात भोके पाडून त्यांत सतत पाणी सोडलेले असते, आणि त्या पाण्याचा दाब आतील तेलाच्या दाबापेक्षा जास्त राखल्यामुळे पाणी थोडे थोडे आत झिरपते, पण तेल खडकात शिरत नाही. तळाशी जमलेले पाणी पंपाने उपसले की झाले. या तीन ठिकाणच्या साठ्याला सरकार साडेनऊ दिवसांचा साठा म्हणते. तेल कंपन्यांच्या टाक्या वगैरे धरून आणखी साडेचौसष्ट दिवस, आणि दोन्ही मिळून चौऱ्याहत्तर.

या आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की साडेनऊ हा आकडा २०१९-२० सालच्या खपावर काढलेला असून गुहा पूर्ण भरलेल्या आहेत असे धरून आहे. २०२५ मधल्या, दिवसाला सुमारे ५५ लाख पिंपांच्या (बॅरलच्या) खपाने भागले तर तेच तेल सात-आठ दिवसांचे भरते. दुसरी अशी की कंपन्यांकडचा सगळा साठा उपसता येत नाही. मोठ्या टाकीच्या तळाशी काही फूट तेल कायम ठेवावेच लागते, कारण तरंगते छप्पर त्याखाली टेकू द्यायचे नसते, आणि शेकडो किलोमीटरची पाइपलाइन चालू ठेवायची तर ती भरलेलीच असावी लागते. हे तेल हिशेबात दिसते, पण पंपावर येत नाही. म्हणून चौऱ्याहत्तर दिवस हा आकडा मी कधीही शब्दशः घेत नाही.

याच्या उलट एक दिलाशाची बाजू आहे. साठ्याला एकूण खपाने भागणे हीच मुळात चुकीची रीत आहे. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा माझ्या नोकरीचे तिसरे वर्ष होते. आमच्या विभागाच्या भिंतीवर एक हिरवा फळा होता. त्यावर प्रत्येक येणाऱ्या जहाजाचे नाव, कोणत्या बंदरात भरले, किती टन आणि मुंबईच्या जवाहर द्वीपाच्या धक्क्याला कधी लागणार, हे खडूने लिहिलेले असे. त्या आठवड्यात कुवेत आणि बसऱ्याची नावे असलेल्या ओळी एकेक करून पुसल्या गेल्या. आम्ही तरुण मंडळी टाक्यांतील तेलाला रोजच्या वापराने भागून "इतके दिवस उरले" असे आकडे साहेबांसमोर ठेवत होतो. त्यांनी कागद बाजूला सरकवला आणि विचारले, "पुसलेल्या ओळींच्या जागी नवी ओळ कधी लिहिता येईल, ते सांगा." त्यांचे म्हणणे असे की राहिलेली जहाजे येतच आहेत, म्हणून साठ्याला भागायचे ते फक्त तुटीने, आणि निघालेले दिवस ताडून पाहायचे ते बदली जहाज पोहोचायला लागणाऱ्या दिवसांशी. साठा तुटीला जितके दिवस पुरतो त्याहून लवकर बदली जहाज येत असेल तर संकट नाही. उशिरा येत असेल तर मधल्या दिवसांपुरते संकट आहे. पुढची तीस वर्षे प्रत्येक युद्धात, प्रत्येक वादळात आणि प्रत्येक संपात मी हाच हिशेब केला, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच हिशेबात आहे.

तो आता कच्च्या तेलाला लावून पाहू. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे; त्यात येण्याजाण्याचे जहाजमार्ग प्रत्येकी सुमारे तीन किलोमीटरचेच. २०२४ मध्ये त्यातून दिवसाला सुमारे २ कोटी पिंपे तेल व तेलपदार्थ गेले, म्हणजे जगाच्या खपाच्या जवळपास पाचवा भाग. भारताच्या रोजच्या ५५ लाख पिंपांपैकी १५ ते २० लाख पिंपे या वाटेने येतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी जून २०२५ मध्ये सांगितले. ही सगळी २० लाख पिंपे एका रात्रीत बंद झाली असे धरा. सामरिक साठ्यात सुमारे ३ कोटी ९० लाख पिंपे मावतात. त्याला २० लाखांनी भागले की साडेनऊ दिवसांचे एकोणीस-वीस दिवस होतात, आणि कंपन्यांच्या टाक्यांना अजून हातही लागलेला नसतो. पश्चिम आफ्रिकेतून जहाज यायला साधारण तीन आठवडे लागतात, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून आफ्रिकेला वळसा घालून पाच ते सहा आठवडे. रशियाचे तेल तर आधीच वाटेवर असते, कारण २०२२ पूर्वी आपल्या आयातीत दोन टक्केही नसलेले रशियन तेल २०२५ च्या मध्याला एक तृतीयांशाच्या आसपास होते. शिवाय सौदी अरेबियाकडे पूर्व किनाऱ्यापासून तांबड्या समुद्रावरील यान्बूपर्यंत आणि अमिरातीकडे होर्मुझच्या बाहेर असलेल्या फुजैरापर्यंत पाइपलाइन आहे. त्यांतून सगळे तेल वळवता येणार नाही, पण काही नक्की येते. यान्बूहून भारताकडे येणारे जहाज तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या अरुंद वाटेतून जाते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी बंडखोरांनी तिथल्या जहाजांवर कसे हल्ले केले ते आपण पाहिले आहे, म्हणून ही वाट मी अर्धीच धरतो. तरीही कच्च्या तेलाचा हिशेब जुळतो. ते महाग पडेल, आणि एका प्रतीच्या तेलाची सवय असलेल्या कारखान्याला दुसऱ्या प्रतीच्या तेलाशी जुळवून घेताना त्रास होईल. पण पंप कोरडे पडण्याइतकी तूट केवळ होर्मुझमुळे होईल असे मला वाटत नाही.

एलपीजीला हाच हिशेब लावला की चित्र बदलते. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ३ कोटी १३ लाख टन एलपीजी खपला. दिवसाला सुमारे ८५ हजार टन. त्यातला साठ टक्क्यांहून अधिक आयात झाला, आणि त्या आयातीपैकी नव्वद टक्क्यांच्या वर माल अमिराती, कतार, सौदी आणि कुवेत याच देशांतून, म्हणजे होर्मुझच्या आतून आला. मोठ्या गॅसवाहू जहाजात सुमारे ४५ हजार टन माल असतो, म्हणजे आपल्याला रोज एकाहून अधिक असे जहाज कुठल्या ना कुठल्या धक्क्याला लागलेले हवे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, जोडण्या सुमारे ३३ कोटींवर गेल्या, चुलीच्या धुरातून कोट्यवधी बायकांची सुटका झाली, आणि हे काम फार मोलाचे झाले असे मी मनापासून मानतो. परंतु जोडण्या ज्या वेगाने वाढल्या, त्या वेगाने साठवण वाढली नाही.

कच्चे तेल साध्या टाकीत राहते; एलपीजी तसे राहत नाही. ते दाबाखाली जाड पोलादी गोलात ठेवावे लागते, नाहीतर थंड करून, त्यातला प्रोपेन वायू तर उणे ४२ अंशांवर, किंवा खडकातील गुहेत. म्हणून ते साठवणे खर्चाचे काम आहे आणि आपल्याकडे त्यासाठी कच्च्या तेलासारखा सामरिक साठा नाही. विशाखापट्टणमच्या एलपीजी गुहेची क्षमता ६० हजार टन आणि मंगळुरूच्या नव्या गुहेची ८० हजार टन. दोन्ही पूर्ण भरलेल्या असल्या तरी देशाला दोन दिवसही पुरणार नाहीत. आयातीची बंदरे, कारखाने आणि बॉटलिंग प्लांट (सिलिंडर भरण्याची केंद्रे) यांच्या सगळ्या टाक्या मिळून साधारण सोळा दिवसांच्या खपाएवढी क्षमता आहे, आणि क्षमता म्हणजे साठा नव्हे, कारण येणारे जहाज रिकामे करायला टाकीत जागा ठेवावीच लागते.

देशातले तेलशुद्धीकरण कारखाने चालूच राहतील, तेव्हा तूट साठ टक्के आयातीच्या नव्वद टक्के, म्हणजे खपाच्या साधारण चौपन्न टक्के धरा. टाक्या काठोकाठ भरलेल्या असतील तर सोळा दिवसांचा साठा सुमारे तीस दिवस ओढता येईल. दोन तृतीयांश भरलेल्या असतील, आणि व्यवहारात तेवढ्याच धराव्यात, तर वीस दिवस. आता बदली जहाज पाहा. दीर्घ कराराशिवाय आयत्या वेळी मोठ्या प्रमाणावर एलपीजी विकू शकणारा आखाताबाहेरचा खरा मोठा देश एकच, अमेरिका, आणि तिथून जहाज यायला पाच ते सहा आठवडे. ते आधी मिळायला हवे, कारण जपान, दक्षिण कोरिया आणि चीनही त्याच दिवशी त्याच दलालांना दूरध्वनी करत असतील. त्यातही एक पेच आहे: अमेरिकेचा माल मुख्यतः प्रोपेन असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात सिलिंडरमधील दाब मर्यादेत राहावा म्हणून आपल्या प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणात कमी दाबाचे ब्युटेन भरपूर लागते. वीस दिवस आणि चाळीस दिवस, यांमधली जी दरी आहे, ती देशाच्या ऊर्जासुरक्षेतील सर्वांत नाजूक जागा आहे, असे माझे मत आहे. बातम्यांत पेट्रोलच्या रांगा दाखवतात म्हणून ती लोकांच्या नजरेस येत नाही.

ही दरी थोडी कमी करता येते. कारखान्यात ज्या प्रवाहांतून प्लास्टिकचा कच्चा माल काढतात, ते प्रवाह तसे न वापरता एलपीजीत वळवता येतात आणि सरकार तसा आदेश देऊ शकते. प्रवाहांची दिशा काही दिवसांत बदलता येते, मी ती बदललेली आहे. पण त्याने चौपन्न टक्क्यांची उणीव भरत नाही. त्यानंतर उरते ते वाटपाचे तर्कशास्त्र, आणि तिथे तुमचा संबंध येतो: माल कमी पडला तर कोणतेही सरकार आधी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर सांभाळेल आणि हॉटेल-खानावळीच्या १९ किलोच्या सिलिंडरवर पहिली कात्री चालवेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

नैसर्गिक वायूचे थोडक्यात सांगतो. आपल्या वायूपैकी सुमारे निम्मा उणे १६२ अंशांवर द्रवरूपात जहाजाने येतो, त्यात कतारचा वाटा सर्वांत मोठा, आणि कतारच्या रास लफानहून निघणाऱ्या जहाजाला होर्मुझशिवाय वाट नाही. तेलासारखी पर्यायी पाइपलाइनही नाही. हा माल टाकीत ठेवला तरी सतत थोडाथोडा उकळत असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने साठवून ठेवणे परवडत नाही. याची झळ गाडीच्या सीएनजीपेक्षा युरियाच्या कारखान्यांना जास्त बसते, आणि अलिबागजवळच्या थळचा कारखाना त्यांतलाच एक आहे. कोकणात दाभोळला आयातीचे केंद्र आहे, पण लाटांना अडवणारा बांध अपुरा राहिल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागतच नसे. युद्ध हजार मैलांवर असो, आपला बांध अपुरा असेल तर त्या युद्धाचा धक्का दुप्पट बसतो, एवढे त्यातून मी शिकलो.

आता हे सारे ज्यावर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो, कारण वर केलेला हिशेब सर्वांत वाईट गोष्ट धरून केलेला आहे. नुसती भीती पसरली तर फक्त किंमत हलते. १३ जून २०२५ ला हल्ले सुरू होण्याआधी ब्रेंट तेल (ज्याच्या भावावर जगातील तेलाचा भाव मोजतात) पिंपाला ६९ डॉलरच्या आसपास होते, २२ तारखेच्या अमेरिकी हल्ल्यांनंतर ते ८० डॉलरच्या वर डोकावले, आणि २४ तारखेला युद्धबंदी होताच ७० च्या खाली आले. इराणच्या संसदेने सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने मत दिले होते, तरी त्या युद्धात एकही दिवस ती बंद झाली नाही. त्याचे कारण भलेपणा नाही: इराणचे स्वतःचे तेल खार्ग बेटावरून याच वाटेने चीनकडे जाते. १९८४ ते १९८८ या काळात इराण आणि इराकने एकमेकांच्या ग्राहकांच्या चारशेहून अधिक जहाजांवर हल्ले केले, तरीही वाट चालू राहिली होती.

भीती आणि बंदी यांच्या मधली अवस्था जास्त शक्य आहे आणि तिचीच मला अधिक चिंता वाटते. वाट उघडी असते, पण जहाजमालक यायला तयार नसतो. जून २०२५ मध्ये आखातात जहाजांचे उपग्रह-दिशादर्शन इतके बिघडवले गेले होते की नकाशावर जहाजे जमिनीवर उभी दिसत होती. १७ जूनला ओमानच्या आखातात दोन मोठ्या टँकरांची टक्कर होऊन आग लागली. अशा वेळी विमा कंपन्या त्या भागात शिरण्यासाठी वेगळा युद्धजोखमीचा हप्ता घेतात आणि तो साधारण सात दिवसांपुरताच असतो. लोकांना वाटते की या हप्त्याने तेल महागते. हिशेब करून पाहा: जहाजाची किंमत १० कोटी डॉलर आणि दर पाव टक्का धरला तर एका फेरीला अडीच लाख डॉलर, जहाजात २० लाख पिंपे असली तर पिंपामागे साडेबारा सेंट. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते कप्तान आणि खलाशी नकार देतात तेव्हा, आणि होकार देणाऱ्या थोड्या जहाजांसाठी सगळे खरेदीदार एकाच वेळी धावतात तेव्हा. जून २०१९ पासून भारतीय नौदल ऑपरेशन संकल्पखाली त्या भागात आपल्या जहाजांबरोबर असते. त्याचा खरा उपयोग हा आहे की आपला झेंडा असलेल्या जहाजाचा कप्तान निघायला तयार होतो. अशा दिवसांत दहा दिवसांची जहाजे चौदा दिवसांत आली, एवढ्यानेही एलपीजीचा बॉटलिंग प्लांट तीन पाळ्यांवरून एका पाळीवर येतो. मोठ्या चक्राकार यंत्रावर फिरत फिरत भरणारे सिलिंडर थांबलेले आणि रिकाम्या सिलिंडरचे ट्रक फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले मी पाहिले आहेत. तेव्हा युद्ध नव्हते; खवळलेल्या समुद्रामुळे एक जहाज बंदराबाहेर अडकले होते, इतकेच.

तिसरी अवस्था म्हणजे वाटेऐवजी उगमावरच घाव. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदीच्या अबकैक आणि खुरैस या तेलकेंद्रांवर हल्ला झाला आणि दिवसाला ५७ लाख पिंपांचे उत्पादन थांबले. तो शनिवार होता. आम्ही रविवारी कार्यालयात बसून कोणत्या टाकीत काय आहे ते पुन्हा पुन्हा तपासत होतो. सोमवारी किंमत जवळपास १५ टक्के उसळली, आणि महिनाअखेर होती तिथे परत आली, कारण सौदींनी दुरुस्ती अपेक्षेपेक्षा फार लवकर केली. वायूच्या बाबतीत असे नशीब मिळेलच असे नाही. वायू थंड करून द्रवरूप करणारी यंत्रसामग्री मोडली तर ती पुन्हा उभी करायला महिने, कधी वर्षे लागतात. जून २०२५ मध्ये इराणच्या साउथ पार्स वायूक्षेत्रातील केंद्रावर हल्ला झाला. ते क्षेत्र आणि कतारचे नॉर्थ फील्ड समुद्राखाली एकच साठा वाटून घेतात. बातम्यांत ही गोष्ट एका ओळीत आली आणि गेली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ नकाशा पाहत बसलो होतो.

किमतीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या ताटाच्या दराशी त्याचा संबंध आहे. २०२४-२५ मध्ये आपण सुमारे २४ कोटी टन कच्चे तेल आयात केले. पिंपामागे दहा डॉलर वाढले आणि वर्षभर टिकले तर ढोबळमानाने १७-१८ अब्ज डॉलर जादा मोजावे लागतात. १९९०-९१ मध्ये ज्या गोष्टीने देशाला टेकीला आणले ती तेलाची टंचाई नव्हती, डॉलरची टंचाई होती. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बाहेर पाठवावे लागले. २०२५ च्या मध्याला परकीय चलनाची गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या आसपास होती, म्हणून ती वेळ मला पुन्हा दिसत नाही. पंपावरचा दर सरकार आणि कंपन्या काही काळ रोखून धरू शकतात, आणि घरगुती सिलिंडरचेही तसेच. व्यावसायिक सिलिंडरचा दर मात्र सौदी अरामको दर महिन्याला जी करारकिंमत जाहीर करते तिच्यामागे बऱ्यापैकी सरळ जातो. म्हणजे टंचाई झाली नाही तरी महागाईची पहिली झळ तुम्हालाच लागेल.

देशाने काय करावे याबद्दलचे माझे मत सांगून मग तुमच्याकडे येतो. आयातीच्या एलपीजीचा निदान पंधरा दिवसांचा वेगळा, हात न लावण्याचा साठा हवा. दिवसाला ५२ हजार टन धरले तर तो ७ लाख ८० हजार टन होतो, मंगळुरूसारख्या दहा गुहांएवढा. खर्च मोठा आहे, पण ओडिशातील चंडीखोल आणि पाडूरच्या दुसऱ्या टप्प्यात कच्च्या तेलासाठी ६५ लाख टनांच्या गुहांना जुलै २०२१ मध्येच मंजुरी मिळाली आहे, आणि एवढी दूरदृष्टी कच्च्या तेलासाठी दाखवता येते तर तिचा आठवा भाग स्वयंपाकघरासाठी दाखवावा, असे मला तळमळीने वाटते. तोवर अमेरिकेकडून थोडा माल दीर्घ करारावर घेत राहावे, महाग पडला तरी, कारण वाटेवर असलेले जहाज हासुद्धा साठाच असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जादा सिलिंडर ठेवा, पण मोजून आणि आत्ता, शांततेच्या दिवसांत. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. दोन दिवसांना एक लागत असेल तर ते दहा दिवस झाले, आणि मधल्या अवस्थेतील विस्कळीतपणा निभावायला दहा दिवस बहुतेक वेळा पुरतात. सिलिंडर उभे ठेवा, जमिनीच्या पातळीवर आणि हवेशीर जागी ठेवा. तळघरात किंवा खोलगट जागी कधीही नको, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. घरगुती सिलिंडर खानावळीत वापरू नका. तो गुन्हा आहे, आणि टंचाईत तपासणी सर्वांत आधी तिथेच होते.

बातमी आल्यावर धावत जाऊन साठा करू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. १ आणि २ जानेवारी २०२४ आठवून पाहा: देशात इंधन भरपूर होते, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंत टाक्या भरलेल्या होत्या, फक्त टँकरचालकांनी काम थांबवले होते, तरी राज्यभर पंपांवर रांगा लागल्या आणि कित्येक पंप संध्याकाळपर्यंत रिकामे झाले. प्रत्येकाने अर्धी टाकी भरण्याऐवजी त्याच दिवशी पूर्ण भरली, एवढेच घडले होते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या सीमेवर तणाव वाढला तेव्हाही तेल कंपन्यांना साठा पुरेसा असल्याचे जाहीर करावे लागले. सिलिंडरचे याहून कठीण आहे, कारण लोकांच्या घरी अडकून पडलेला सिलिंडर भरायला परत येत नाही आणि प्लांटमध्ये गॅस असूनही भरायला भांडे उरत नाही.

सिलिंडरपेक्षाही मी तुम्हाला विजेवरची एक मोठी शेगडी आणि भात शिजवण्याचे विजेचे मोठे भांडे घ्यायला सांगेन. आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते आणि तो कोळसा बहुतांशी देशातलाच. चंद्रपूरच्या केंद्राला होर्मुझशी काही देणेघेणे नाही. भात, वरण, उसळी आणि चहापाणी विजेवर गेले आणि भाकरी व फोडणी तेवढी गॅसवर राहिली, तर तुमचे तेच पाच सिलिंडर दहाऐवजी वीस दिवसांच्या आसपास पुरतील. जोडणीचा भार वाढवून घ्यावा लागेल. वीज कंपनीकडे त्याचा अर्ज आजच करा, कारण त्याला वेळ लागतो.

एक माहिती तुमच्याकडून हवी आहे. तुमच्या वितरकाला विचारा की त्याचा गॅस कोणत्या बॉटलिंग प्लांटमधून येतो आणि त्या प्लांटला माल बंदरावरून येतो की देशातल्या कारखान्यातून. बंदरावरून येत असेल तर दहा दिवसांचा साठा आणि विजेची सोय दोन्ही करा. कारखान्यातून येत असेल तर सुरुवातीला तीन सिलिंडरही चालतील. उत्तर आणि दिवसाला किती ताटे होतात ते कळवा, म्हणजे मी तुमच्यापुरता हिशेब मांडून देईन.